ओढा सरकारचा, शेत तुमचं: दावा लावायचा हक्क कोणाला?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एकाने ओढ्यात मुरूम टाकून भराव केला, खालून सिमेंटच्या दोन नळ्या घातल्या आणि वर गाळे बांधले. नळ्यांतून पाणी निघत नाही. गेल्या दोन पावसाळ्यांत पाणी तुंबून आमच्या उसात आठ-आठ दिवस उभं राहिलं. शेजारच्या चौघांचीही तीच गत झाली, गावाचा रस्ताही खचला. ग्रामपंचायत, तहसील, जिल्हाधिकारी, सगळीकडे अर्ज दिले. गाळेवाला म्हणतो, ओढा सरकारचा आहे, तुमचा काय संबंध? पेपरात वाचलं की एका नागरिकाच्या याचिकेवर हायकोर्टाने नाला मोकळा करायला सांगितला. मग मी एकटा, साधा माणूस, कोर्टात जाऊ शकतो का? जनहित याचिका करू का? जमीन माझ्या आणि मुंबईला असलेल्या भावाच्या सामाईक नावावर आहे."

मी तालुक्याच्या कोर्टात २६ वर्षं दिवाणी कामं करतोय. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर शेकडो वेळा आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. होय, तुम्ही एकटे दावा लावू शकता. भाऊ सोबत नसला तरी चालेल, गावाची सही नसली तरी चालेल. मात्र "ओढ्यावर अतिक्रमण झालं" हे सांगायला कोर्टात जाऊ नका. "माझ्या गटातून वाहून जाणारं पाणी अडवलं, त्यामुळे माझं पीक बुडालं" हे सांगायला जा. वाचताना दोन्ही वाक्यं सारखीच वाटतील, पण कोर्टात तुमचा दावा टिकणार की नाही हे यातलं कोणतं वाक्य वादपत्रात आहे यावर ठरतं.

दिवाणी दाव्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते. कायद्याने दिलेला एखादा हक्क माझा आहे, तो अमक्याने, अमक्या दिवशी मोडला, आणि आता कोर्टाने अमुक हुकूम करावा, एवढीच. हक्क मोडण्याची जी घटना, तिला आम्ही दाव्याचं कारण म्हणतो. वादपत्रात हे कारण दिसलंच नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र सुरुवातीलाच फेटाळलं जातं, साक्षीपुराव्यापर्यंत वेळच येत नाही. अन्याय किती मोठा आहे यावर तिथे काही ठरत नाही. माणसं माझ्यासमोर बसून तासभर अन्याय सांगतात, ते मी ऐकतो, आणि शेवटी विचारतो, "यात तुमचं काय गेलं?" पुष्कळांना त्याचा राग येतो. पण न्यायाधीशही पहिल्यांदा हेच बघणार असतात.

नुकसान झालं म्हणजे हक्क मोडला, असंही नसतं. १९७०च्या दशकात सुप्रीम कोर्टापुढे एका सिनेमागृह मालकाचं प्रकरण आलं होतं. त्याच गावात दुसऱ्याला थिएटर काढायला ना-हरकत दाखला मिळाला आणि पहिल्याने त्याला आव्हान दिलं. धंदा कमी होणार हे उघड होतं. कोर्टाने सांगितलं की धंद्यात स्पर्धक आल्याने झालेला तोटा ही कायद्याच्या नजरेतली इजा होत नाही, त्यामुळे तुम्ही 'बाधित व्यक्ती' ठरत नाही. तुमच्या बाबतीत तसं नाही. वरच्या शेतात पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खाली वाहून जाऊ द्यायचं, हा वरच्या जमिनीच्या मालकाचा हक्क आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ खालच्या उदाहरणांत तो जवळपास याच शब्दांत दिला आहे. पाणी ओढ्यातून जात असलं तरी ते अडवून तुमच्या जमिनीवर फुगवण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. ओढा सरकारचा आहे हे गाळेवाल्याचं म्हणणं खरंच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे कुणाच्या खासगी मालकीचे नसलेले नदी-नाले राज्य सरकारच्या मालकीचे असतात. पण त्याने तुमचा संबंध संपत नाही. ज्या ओढ्याचा तो मालक नाही त्यात भराव टाकायचा त्याला अधिकार नव्हता, एवढंच त्यातून निघतं, आणि ते तुमच्याच बाजूचं आहे.

आता चौघा शेजाऱ्यांचं आणि रस्त्याचं काय? इथे कोर्टात जायचे तीन मार्ग आहेत आणि लोक ते नेहमी एकमेकांत मिसळतात. पहिला, तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा. सार्वजनिक उपद्रव असला तरी त्यातून तुम्हाला इतरांपेक्षा वेगळी, विशेष इजा झाली असेल, तर तुम्हाला एकट्याला दावा करता येतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. दुसरा, पाचही शेतकऱ्यांनी मिळून करायचा दावा. सगळ्यांचा हितसंबंध एकच असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीने एक-दोघांनी सगळ्यांच्या वतीने दावा चालवायचा. त्याची नोटीस बाकीच्यांना जाते आणि निकाल सगळ्यांना बांधून राहतो. तिसरा, त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९१. सार्वजनिक उपद्रव असेल तर स्वतःचं विशेष नुकसान झालेलं नसतानाही कोणत्याही दोन किंवा अधिक व्यक्ती कोर्टाची परवानगी घेऊन दावा लावू शकतात. रस्ता खचला म्हणून ज्यांना नुसता हेलपाटा पडतो त्या गावकऱ्यांसाठी हे कलम आहे. फार कमी लोकांना ते माहीत असतं, आणि वकीलही त्याचा हवा तेवढा वापर करत नाहीत याची मला खंत आहे.

तुमच्या जागी मी असतो तर पहिलाच मार्ग धरला असता. चौघे शेजारी तयार असतील तर त्यांनाही वादी म्हणून घ्यावं, पण प्रत्येकाचा गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसान असा वेगवेगळा परिच्छेद करून. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच एक दावा मी बाजूच्या बाकावर बसून ऐकत होतो. वादपत्रात लिहिलं होतं, "समस्त ग्रामस्थांचे अतोनात नुकसान झालेले आहे." वादी पिंजऱ्यात उभा. समोरच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारलं, तुमचं शेत ओढ्यापासून किती अंतरावर? वादी म्हणाला, असेल दोन-तीनशे फूट. त्या वर्षी कारखान्याला किती टन ऊस गेला? आठवत नाही. त्याच्या आदल्या वर्षी? आठवत नाही. मग साखर कारखान्याची बिलं त्याच्यापुढे ठेवली. त्या वर्षीचं टनेज आदल्या वर्षापेक्षा थोडं जास्तच होतं, कारण बुडालेला तुकडा लहान होता आणि वादीने नवी लागण दुसऱ्या रानात केली होती. हे वादपत्रात आधीच लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. न लिहिल्यामुळे खरा माणूस खोटा दिसला. तो पिंजऱ्यातून उतरताना कठड्याला धरून उभा राहिला होता, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

भावाबद्दल. सामाईक जमिनीचा एक सहहिस्सेदार तिऱ्हाइताविरुद्ध एकटा दावा लावू शकतो, हे ठरलेलं आहे. तरी भावाला सोबत घेतलेलं चांगलं, नंतर "सगळे मालक समोर नाहीत" असा फाटा फुटत नाही. तो मुंबईत असेल, किंवा कुणाचा परदेशात असेल, तर कुलमुखत्यारपत्र देतात. तेही चालतं. फक्त एक लक्षात ठेवा: मुखत्याराने स्वतः पाहिलेलं, स्वतः केलेलं तो सांगू शकतो, मालकाच्या मनातलं आणि मालकालाच माहीत असलेलं तो मालकाच्या वतीने शपथेवर सांगू शकत नाही. इथे पाणी तुम्ही पाहिलं, शेत तुम्ही कसता, म्हणून साक्ष तुम्हीच द्यायची.

यापुढचं सांगताना मी थोडा अस्वस्थ होतो, कारण माझ्या कामाच्या आयुष्यात माणसांचं सर्वांत जास्त नुकसान यातूनच झालेलं मी पाहिलं आहे. मुदत.

तुम्ही लिहिलंत, सगळीकडे अर्ज दिले. अर्ज म्हणजे दावा नव्हे. ग्रामपंचायतीचा अर्ज, तहसीलची पोच, लोकशाही दिनातलं निवेदन, 'आपले सरकार'वरची तक्रार, यातल्या कशानेही दावा लावायच्या मुदतीचं घड्याळ थांबत नाही. तुम्ही पोचेचे शिक्के जमवत असता आणि मुदत संपत असते. माझ्याकडे एक म्हातारे शेतकरी आले होते. रानात जायची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली होती. पिशवीतून त्यांनी जाडजूड फाईल काढली. सगळे अर्ज तारीखवार लावलेले, प्रत्येकावर गोल शिक्का, काही पोचांना प्लॅस्टिकचं कव्हर. पहिला अर्ज वाट मोडल्यानंतर चौथ्या दिवशीचा होता. इतका सावध माणूस. पण माझ्याकडे आले तेव्हा १४ महिने झाले होते, आणि तहसीलदारांकडे कायद्याप्रमाणे दावा असा एकही दाखल नव्हता. सहा महिन्यांची मुदत गेली होती. मग दिवाणी कोर्टात दावा लावला. तो आम्ही जिंकलो, पण त्याला नऊ वर्षं लागली, आणि निकाल ऐकायला ते नव्हते. जे काम तहसीलमध्ये एखाद्या हंगामात उरकलं असतं.

हा सहा महिन्यांचा कायदा म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. जुना आहे, पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी आजही हाताशी असलेलं हे सर्वांत जवळचं कोर्ट आहे. त्याच्या कलम ५ खाली शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला, किंवा शेताकडे जायची वहिवाटीची वाट अडवली, तर अडथळा काढून टाकायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, दोन्ही बाजूंचं ऐकलं जातं. पण दावा अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून सहा महिन्यांत लावायला हवा. आणि तो "मे. तहसीलदार साहेब, कृपया लक्ष घालावे" असा अर्ज असून भागत नाही. वादी, प्रतिवादी, जमिनीचं वर्णन, अडथळा कुठे, कधी, काय मागणी, खाली सत्यापन, असं रीतसर वादपत्र लागतं. बरेच जण इथे जमीन महसूल संहितेचं कलम १४३ लिहून मोकळे होतात. ते कलम बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी आहे. असलेली वाट किंवा असलेला प्रवाह अडवला, तर कलम ५. चुकीचं कलम लिहिलं म्हणून काम पडल्याचीही उदाहरणं मी पाहिली आहेत.

तुमचे दोन पावसाळे गेले म्हणजे हे दार बहुधा बंद झालं. पण घाबरू नका, दिवाणी कोर्टाचं दार उघडं आहे. मुदत कायद्याचं कलम २२ सांगतं की चूक सतत चालू असेल, तर ती चालू आहे तोपर्यंत क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होते. ओढ्यातला भराव प्रत्येक पावसात तुमचं पाणी अडवतो, त्यामुळे 'भराव काढून टाक' असं मागणारा दावा मुदतीत आहे असं ठामपणे मांडता येतं. पिकाच्या भरपाईचं मात्र वेगळं. तिथे साधारण तीन वर्षं धरून चाला आणि प्रत्येक हंगामाचं नुकसान वेगळं मोजा. म्हणजे थांबलात तर पहिल्या पावसाळ्याचे पैसे आधी हातचे जातील.

मुदतीबद्दल आणखी दोन गोष्टी प्रत्येकाने डोक्यात ठेवाव्यात. अपिलाला उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते. मूळ दाव्याला ती सोय नाही, मुदत कायद्याचं कलम ५ दाव्यांना लागू होत नाही. आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने तो स्वतःहून बघायचा असतो, कलम ३ तसं बजावतं. समोरचा वकील विसरेल, या भरवशावर कुणी राहू नये. हातउसने दिलेले पैसे तीन वर्षांत मागा. जमिनीवरून बळजबरीने हुसकावलं तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावा, तिथे मालकी सिद्ध करावी लागत नाही, फक्त कब्जा होता आणि तो बेकायदा काढून घेतला एवढंच दाखवायचं असतं. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्या. ग्राहक आयोगात दोन वर्षं. या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत.

आता जनहित याचिका, आणि तुम्ही वाचलेली बातमी.

जनहित याचिकेने 'ज्याचं गेलं त्यानेच कोर्टात यावं' हा नियम सैल केला. ज्याला कोर्टाची पायरी चढणं शक्यच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने चढायची, हा त्यामागचा विचार. १९७९ साली बिहारच्या तुरुंगात वर्षानुवर्षं खटल्याविना खितपत पडलेल्या कैद्यांसाठी सुप्रीम कोर्टात याचिका झाली, ते हुसैनआरा खातून प्रकरण. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात हा विचार नीट मांडला गेला. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण शीला बर्से यांचं. मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांशी बोलून, पोलीस कोठडीत त्यांच्यातल्या काहींना झालेल्या मारहाणीबद्दल या पत्रकार बाईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, आणि १९८३ साली कोर्टाने त्यावर स्त्रियांच्या कोठडीबद्दल निर्देश दिले. स्वतः बर्से यांना कुणी हात लावलेला नव्हता, तरी कोर्टाने ऐकलं. याचं मला फार मोल वाटतं.

पण त्याच शीला बर्से यांच्या दुसऱ्या एका याचिकेची गोष्टही लक्षात घ्या. तुरुंगातल्या मुलांबद्दलची ती याचिका कामकाजाला कंटाळून त्यांनी मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा १९८८ साली सुप्रीम कोर्टाने नकार दिला. जनहित याचिका एकदा दाखल झाली की ती याचिकाकर्त्याच्या मालकीची राहत नाही, असा त्याचा अर्थ. तुम्हाला तुमच्या उसाचे पैसे हवेत, तुमच्या रानातलं पाणी जायला हवं. हा तुमचा खासगी हक्क आहे, आणि तो तुमच्या हातात राहील अशाच कामात तो मागा. शिवाय हायकोर्ट याचिकेत साक्षीदार तपासत बसत नाही. भराव कधी टाकला, नळ्या पुरेशा आहेत की नाहीत, पाणी त्यामुळेच तुंबलं की ढगफुटीमुळे, असे वादाचे मुद्दे आले की बहुतेक वेळा 'दिवाणी कोर्टात जा' असं सांगितलं जातं. मुंबई हायकोर्टाच्या २०१०च्या जनहित याचिका नियमांप्रमाणे याचिकाकर्त्याला आपली ओळख, व्यवसाय, उत्पन्न आणि विषयात आपला स्वतःचा हितसंबंध आहे का, हे सांगावं लागतं. तुमचा हितसंबंध तर उघड आहे. गावाने मिळून, साऱ्या ओढ्याच्या प्रश्नावर, सगळे उपाय करून थकल्यावर याचिका करायची ठरवली तर वेगळं. त्यासाठी आता मुंबईला जावं लागणार नाही, ऑगस्ट २०२५पासून सांगलीची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

आणि बातमी. पेपरात 'हायकोर्टाचा दणका' असा मथळा आला की त्याची मूळ ऑर्डर वाचल्याशिवाय काही ठरवू नका. हायकोर्टाच्या वेबसाइटवर ती फुकट मिळते. वाचताना मी काय बघतो ते सांगतो. आधी शेवटचा परिच्छेद. 'नोटीस काढा' असं असेल तर कोर्टाने फक्त समोरच्याला बोलावलं आहे, काहीच ठरवलेलं नाही. 'जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदाराच्या निवेदनावर आठ आठवड्यांत निर्णय घ्यावा, याचिका निकाली' असं असेल, तर नाला मोकळा करायचा हुकूम झालेलाच नाही, अर्जावर निर्णय द्या एवढंच सांगितलं आहे. असल्या ऑर्डरी फार असतात आणि त्यांच्यावरच सर्वांत मोठे मथळे येतात. अंतरिम आदेश असेल तर तो त्या प्रकरणापुरता, तेही अंतिम निकालापर्यंत. अंतिम निकाल असेल, तर मग मागे जाऊन वस्तुस्थिती वाचा: तिथला नाला शहर हद्दीत होता का, विकास आराखड्यात दाखवलेला होता का, याचिकाकर्त्याने आधी काय केलं होतं. तुमच्या गोष्टीशी वस्तुस्थिती जुळली तरच त्या निकालातलं कारण तुमच्या कामाला येतं. न्यायाधीशांनी जाता जाता काढलेले उद्गार कितीही जोरदार असले तरी ते बंधनकारक होत नाहीत.

खचलेल्या रस्त्याच्या प्रश्नावर गावाला आणखी एक उपाय आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या फौजदारी संहितेचं १३३. सार्वजनिक उपद्रव दूर करायचा सशर्त हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे प्रत्यक्षात प्रांत किंवा तहसीलदार, देऊ शकतात. त्यांच्याकडे नुसती माहिती पोचली तरी त्यांना कारवाई सुरू करता येते, माहिती देणाऱ्याचं नुकसान झालेलं असावं लागत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध हेच कलम वापरलं. नगरपालिका सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. १९८०मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते ऐकून घेतलं नाही. गटारं बांधणं हे नगरपालिकेचं कायदेशीर कर्तव्य आहे, पैशाची अडचण हा त्यातून सुटायचा मार्ग नाही, असा तो निकाल. तुमच्या ग्रामपंचायतीने निधीचं कारण सांगितलं तर या निकालाची प्रत जोडा.

दाव्यात काय मागायचं तेही नेमकं ठरवा. तीन मागण्या: भराव आणि नळ्या काढून ओढा पूर्ववत करावा, पुढे अडथळा करू नये अशी कायमची मनाई, आणि झालेल्या पीक-नुकसानीची भरपाई. कोर्टात जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही. सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यायचा, ज्याला सगळे 'निशाणी ५' म्हणतात. त्यात कोर्ट तीन गोष्टी बघतं: तुमच्या म्हणण्यात सकृतदर्शनी तथ्य आहे का, हुकूम न दिल्यास तुमची अडचण जास्त की समोरच्याची, आणि नुकसान पैशाने भरून येणारं आहे का. दोन वर्षं गप्प बसून जूनच्या पहिल्या आठवड्यात धावत गेलात तर कोर्ट विचारणार, इतके दिवस काय करत होता? म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये दावा लावा, ओढा कोरडा असताना. तेव्हाच कोर्ट कमिशनर नेमून मोजणीही नीट होते, भूमी अभिलेखच्या माणसाला ओढ्यात उतरता येतं, भरावाची लांबी-रुंदी नकाशावर येते. माझ्या अनुभवात अशा कामांत कमिशनरचा नकाशा दहा साक्षीदारांना भारी पडतो.

जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिवादी करायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. ग्रामपंचायतीच्या नोटिशीची तरतूद वेगळी आहे. ओढा सरकारी असल्याने सरकार समोर असलेलं बरं, म्हणून ही नोटीस डिसेंबरातच टाका. खर्चाची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्याच आवारात ती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. दावा सुरू असताना गाळेवाला मोठी मोरी बांधून द्यायला तयार झाला तर लोकअदालतीत तडजोड करा, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तडजोडीत मोरीचं माप आणि काम संपवायची तारीख लिहून घ्या. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लांबवू नका. 'भराव काढा' अशा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला तीनच वर्षं आहेत. जिंकलेला कागद घरात ठेवून ही तीन वर्षं घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

कोणत्याही वकिलाकडे पहिल्या भेटीला जाताना एवढं घेऊन जा: चालू सात-बारा आणि आठ-अ, गावनकाशाची प्रत, दोन्ही पावसाळ्यांचे तलाठ्याचे पीक नुकसानीचे पंचनामे, कारखान्याची चार वर्षांची ऊसबिलं, सगळ्या अर्जांच्या पोचा, आणि एका कागदावर तुमच्याच अक्षरात तारखा: मुरमाचा पहिला ट्रॅक्टर कधी आला, नळ्या कधी पडल्या, पाणी पहिल्यांदा कधी चढलं आणि उसाच्या कितव्या सरीपर्यंत. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले नकोत. ज्या मोबाइलने काढले तोच मोबाइल आणा, पुसून किंवा बदलून टाकू नका. ते फोटो कोर्टात दाखल करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर फोटो काढणाऱ्याची सही लागेल. पहिल्या पावसाळ्याचे फोटो मुलाने काढले असतील तर त्यालाही सोबत आणा.